सेकंड शिफ्टला गेलेला मुलगा

त्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर आखातातून एक माणूस उतरला. कस्टमच्या अधिकाऱ्याने त्याला त्याच्या आईचे नाव विचारले. त्याने सांगितले. ते नाव त्याच्या पासपोर्टवर नव्हते.

निवृत्तीनंतर माझी बहुतेक प्रकरणे एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, कोणता पंचनामा कुठल्या पावसाळ्यातला, हे आता पटकन सांगता येत नाही. हे एक प्रकरण मात्र कशातच मिसळले नाही. तेव्हा मी कल्याणच्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे तपासाचा निरीक्षक होतो. राहायला ठाणे शहरात, खोपटला. यात आलेल्या कोणाचेही नाव मी लिहीत नाही. काही जण हयात आहेत, आणि जे नाहीत त्यांच्याबद्दल अधिकच जपून लिहावे असे मला वाटते.

परदेशातून येणाऱ्याला विमानतळाबाहेर पडताना दोन वाटा असतात. कर भरण्याजोगे काही जवळ असेल त्याने लाल वाटेने जायचे, नसेल त्याने हिरव्या. हिरव्या वाटेला लागणे म्हणजेच ‘माझ्याकडे काही नाही’ असे सरकारला सांगणे. तोंडाने काही बोलावे लागत नाही. हा माणूस हिरव्या वाटेने निघाला होता आणि त्याच्या बॅगेत, मोज्यात गुंडाळलेल्या, सोन्याच्या दोन पाटल्या होत्या. वर्षभराहून जास्त काळ बाहेर राहून परतणाऱ्याला ठरावीक मर्यादेत दागिने करमाफ आणता येतात. याचे वर्ष भरले नव्हते. तरीही प्रकरण कर आणि दंडावर मिटण्यासारखे होते.

अधिकाऱ्याने विचारले, “कुणासाठी?”

“आईसाठी.”

“नाव काय आईचं?”

पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावे छापलेली असतात. अधिकाऱ्याच्या हातात ते पान उघडे होते. माणसाने विचार न करता नाव सांगितले आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. तो अधिकारी पुढे मला म्हणाला, “साहेब, सोन्याबद्दल लोक रोज खोटं बोलतात. त्याचं काही वाटत नाही. पण आईचं नाव चुकलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला.”

त्याला थांबवून इमिग्रेशनच्या ताब्यात दिले. पासपोर्ट खरा होता. मुदत संपल्यावर नव्याने काढलेला, शिक्के बरोबर, फोटो त्याचाच. पत्ता आमच्या हद्दीतला, शहाडच्या बाजूला असलेल्या एका चाळीतला. आम्हाला निरोप आला: या पत्त्यावर हा माणूस राहतो का, पाहून कळवा.

साधे काम होते. हवालदाराला पाठवले असते तरी चालले असते. पण हवालदार म्हणाला, “साहेब, या पासपोर्टची पडताळणी आपल्याच ठाण्यातून झालीये. तुम्ही आलात तर बरं.” पासपोर्टच्या अर्जानंतर ठाण्यातल्या गोपनीय कक्षाचा अंमलदार पत्त्यावर जातो, अर्जदाराला बघतो, शेजाऱ्यांना विचारतो, दोघांच्या सह्या घेतो. हे सगळे रीतसर झाले होते. ज्याने केले तो अंमलदार बदलून गेला होता. आम्ही दोघे निघालो.

पितृपक्षाचे दिवस होते. चाळ दुमजली, लांबट, मागच्या बाजूला उतार आणि उताराच्या टोकाला उल्हास नदी. वरच्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. हवालदाराने नाव घेऊन विचारले, “हे इथेच राहतात का?”

“इथेच की. शेवटची खोली.”

“आहेत घरात?”

“आत्ताच गेले ना सेकंड शिफ्टला.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तो माणूस त्या क्षणी विमानतळावरच्या खोलीत बसलेला होता. एका गृहस्थाने दारातूनच सांगितले, “सेकंड शिफ्ट.” खाली रिक्षा पुसणारा एक जण होता, चाळीसच्या आसपासचा, बोलका. त्याला विचारले तर तो हसून म्हणाला, “साहेब, तुम्ही सकाळी यायचं. दुपारी कसा सापडेल? सेकंड शिफ्ट असते त्याची. मीच सोडतो कधीकधी नाक्यापर्यंत.”

“कुठल्या कंपनीत?”

त्याने कंपनीचे नाव सांगितले. शहाडजवळची ती कंपनी बंद पडून कितीतरी वर्षे झाली होती. तिच्या फाटकाबाहेर कामगार बसले होते तेव्हा बंदोबस्ताला मी स्वतः उभा होतो.

मी जिना चढून वर आलो. शेवटच्या खोलीकडे गेलो.

दार उघडे होते. उंबऱ्याबाहेर पुरुषी चपला होत्या, टाचेला टाच लावून नीट ठेवलेल्या. दोरीवर टॉवेल, कोपऱ्यात खुंटीला इस्त्रीचा शर्ट. आत एक म्हातारी बाई सुईत दोरा ओवत होती, चष्म्याशिवाय. पहिल्याच खेपेला दोरा गेला. तिने वर पाहिले.

“बसा. तो आला की सांगते तुम्ही येऊन गेलात म्हणून.”

“कधी येतो, मावशी?”

“शिफ्ट सुटली की.”

खोलीत धूळ नव्हती, पण हवा बराच वेळ कोणी न हलवल्यासारखी होती. शर्टाच्या घड्या इतक्या नेमक्या होत्या की तो अंगावर कधी चढत असेल असे वाटेना. विमानतळावरून फोनवर आलेला त्या माणसाचा फोटो मी बाईंपुढे धरला. त्यांनी फोन हातात घेतला, खिडकीशी नेला, नीट पाहिला.

“हाच माझा मुलगा,” त्या म्हणाल्या. “वाळलाय.”

तोच फोटो मी खाली जाऊन रिक्षावाल्याला दाखवला. तो हसत होता. फोटो पाहून हसणे थांबले.

“हा कोण?” मी विचारले.

“हा… हा तो नाही.”

“मग तो कुठे आहे? सेकंड शिफ्टला?”

त्याने हातातले फडके घडी करून सीटवर ठेवले. वर शेवटच्या खोलीकडे पाहिले. मग अगदी हळू म्हणाला, “साहेब, इथं नको. ठाण्यात चला. काकूंना ऐकू जाईल.”

त्याला ठाण्यात आणून चहा दिला. माणूस बोलायचा म्हणून आलेला असला की त्याला प्रश्न विचारू नयेत, हे मला एका जुन्या वरिष्ठांनी शिकवले होते. मी समोर बसून राहिलो. रिक्षावाल्याने चहा संपवला, कप उलटा ठेवला, मग सरळ केला.

“तो बुडाला, साहेब. लई वर्षं झाली. चाळीच्या गणपतीचं विसर्जन होतं. पाणी वाढलेलं. पाट आम्ही चौघांनी धरलेला. तो पुढं होता, मी त्याच्या मागं. मूर्ती सोडली आणि बघतो तर हा नाही. एवढंच. ओरडलापण नाही.”

“मृतदेह?”

“मिळालाच नाही. फायर ब्रिगेड आली, कोळी लोक आले, जाळी टाकली. नदीपलीकडच्या ठाण्यात मिसिंगची तक्रार दिलेली आम्ही. पण त्या दिवशी, साहेब, आम्ही वर आलो ओल्या कपड्यांनी आणि काकू दारात उभ्या. म्हणाल्या, हा कुठाय? त्या दिवशी त्याची सुट्टी होती. पण माझ्या तोंडातून निघून गेलं, काकू, तो तिकडूनच सेकंड शिफ्टला गेला. ओव्हरटाइम निघालाय म्हणून. मला वाटलेलं सापडेल. सापडला की सांगू.”

“आणि सापडला नाही.”

“दुसऱ्या दिवशी काकू बाहेर आल्या आणि आमच्या बायकोला म्हणाल्या, आज पण सेकंड शिफ्टच असेल ना गं याची? बायको काय बोलणार? हो म्हणाली. मग रोजचं झालं. नवीन भाडेकरू आला की आम्ही आधी त्याला समजावतो, की बाबा, असं असं आहे, कोणी विचारलं तर असं सांगायचं. पोरंबाळं तशीच मोठी झाली. कंपनी बंद पडली तेव्हा वाटलं आता काय. पण काकूंनी कधी विचारलंच नाही कंपनीचं.”

 हवालदार लिहायचा थांबला होता. मी त्याला खुणेने लिहायला सांगितले.

“आणि हा फोटोतला? हा चाळीत येत होता?”

“यायचा दुपारी. आम्हाला वाटलं भाचा असेल गावाकडचा. एकदा काकू म्हणाल्या, बघा, हा आला. आम्ही मान डोलावली. एवढी वर्षं डोलावतोय साहेब. त्यात आणखी एकदा.”

“पासपोर्टच्या चौकशीला अंमलदार आला तेव्हाही?”

“त्यांनी त्याचं नाव घेऊन विचारलं, इथंच राहतो का? काकू समोर उभ्या. तो आत चहा पीत बसलेला. नाही कसं म्हणणार, साहेब? सही केली. पासपोर्ट का काय ते आम्हाला कुठं माहीत.”

मी नोकरीत पुष्कळ खोट्या साक्षी पाहिल्या. पैसे खाऊन दिलेल्या, भीतीने दिलेल्या. पण अख्खी चाळ एका शब्दावर इतकी वर्षे टिकून राहते, पोरे त्यात वाढतात, आणि त्यातून कोणालाच काही मिळत नाही, असे पाहिले नव्हते. एका माणसाला मात्र मिळाले होते.

तो डोंबिवलीचा एजंट. व्हिसाच्या कागदांवरून आम्ही त्याच्यापर्यंत पोचलो. आखातात माणसे पाठवायचा. मुलगा बुडाला त्याच्या थोडेच आधी त्याचा पहिला पासपोर्ट निघाला होता आणि व्हिसासाठी तो एजंटकडे होता. मुलगा येईना म्हणून एजंट चाळीत चौकशीला गेला. तिथे त्याला सगळ्यांनी सांगितले, सेकंड शिफ्टला गेलाय. परतताना नाक्यावरच्या पानवाल्याने खरे सांगितले. एजंटने पासपोर्ट परत केला नाही. जपून ठेवला. त्याला ताब्यात घेतल्यावर तो माझ्यासमोर पाय पसरून बसला आणि म्हणाला, “साहेब, माणूस मेला की कागदपण मरतात. दाखला निघतो, रेशन कार्डवरून नाव जातं. हा एकच असा बघितला, मेलाय आणि घर चालूच आहे. मृतदेह नाही म्हणून दाखला नाही. शेजारी पण तयार. सांगा, कोण सोडेल?”

तो हे बढाईने सांगत नव्हता. धंद्यातली गोष्ट धंदेवाल्याला सांगावी तसे सांगत होता.

फोटोतल्या माणसाला आम्ही रीतसर ताब्यात घेतले. वय पस्तिशीचे, आवाज खालचा. बाकी सगळे उलगडले होते. हा मात्र कबूल होईना.

“नाव?”

त्याने बुडालेल्या मुलाचे नाव सांगितले.

“राहणार?”

चाळीचा पत्ता सांगितला. मी शाळा विचारली, त्याने सांगितली. चौथीत पडून हनुवटीला टाके पडले होते, तेही सांगितले, आणि हनुवटी वर करून दाखवली. तिथे टाक्यांची खूण नव्हती. हनुवटी मात्र तो वर धरून बसला.

“काय समजतोस तू आम्हाला?” हवालदार चिडून म्हणाला. “मेलेला माणूस समोर येऊन बसतो काय?”

“आईला विचारा,” तो म्हणाला. “ती म्हणेल तो मी.”

त्याच्या डोळ्यांत मस्ती नव्हती. आपण कोण हे त्यालाही बाईंकडूनच समजायचे आहे, असे काही तरी त्यात होते. मला त्या खोलीत बसवेना. बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो.

वकिलांशी बोललो तेव्हा खरी अडचण कळली. तो तोतया आहे हे सिद्ध करणे अवघड नव्हते. रक्ताची तपासणी करता आली असती, तसे पत्र मी तयारही ठेवले होते. पण तपासणीने तो बाईंचा मुलगा नाही एवढेच कळले असते. बाई फसल्या की फसवणाऱ्यांत होत्या, हे नसते कळले. त्यांना दिसत नव्हते असे म्हणायला जागा नव्हती; सुईत दोरा ओवताना मी पाहिले होते. पडताळणीला आलेल्या अंमलदाराला त्यांनी ‘हा माझा मुलगा’ असे सांगितले होते, मलाही तेच सांगितले. जबाबातही तेच आले, तर एजंट आणि तोतया यांच्यापाठोपाठ आरोपींत तिसरे नाव त्यांचे. वरिष्ठांनी मला स्पष्ट विचारले, “बाई साक्षीदार की आरोपी?” मी दोन दिवस मागितले.

दुसऱ्या दिवशी पितृपक्षातली चतुर्दशी होती. माझा धाकटा भाऊ घाटात ट्रकखाली गेला, त्याचे श्राद्धाचे पान आमच्याकडे त्या दिवशी असते. एरवी मी दुपारपर्यंत घरी थांबतो. त्या दिवशी पत्नी म्हणाली, “तुम्ही जा. मी वाढते. त्या बाईंना ताटकळत ठेवू नका.” मी महिला शिपायाला बरोबर घेतले आणि चाळीत गेलो.

दुपार झाली होती. बाई खोलीत नव्हत्या. चाळीच्या मागे, उताराच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर त्यांनी केळीचे पान ठेवले होते. भात, वरण, खीर, वडे, अळूची भाजी. त्या दोन पावले मागे उभ्या होत्या. टाकीवर कावळा बसला होता. तो पानाकडे बघत नव्हता, नदीकडे बघत होता.

“कुणाचं पान, मावशी?”

“यांचं. आमच्या मालकांचं.”

रिक्षावाल्याच्या जबाबात आले होते, की बाईंचे पती कावीळ होऊन गेले, आणि त्यांच्या पंचमीच्या पानाची खीर चाळभर जाते. यंदाची पंचमी तर होऊन गेली होती. मी बूट काढून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मग म्हणालो, “आमच्या घरीही आज पान आहे. बायको वाढते आहे आत्ता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. “तुमचं कोण?”

“भाऊ. धाकटा. गाडीखाली गेला.”

“हं.” मग त्यांनी विचारले, “अपघातानं गेलेल्याला आजच घालायचं ना?”

“आजच.”

“पाण्यात गेलेल्यालाही?”

“पाण्यात गेलेल्यालाही आजच.”

“मग बरोबर घातलं मी,” बाई म्हणाल्या. “कुणाला विचारणार? भटजींना विचारलं असतं तर त्यांनी चाळीत सांगितलं असतं. पहिल्या वर्षापासून घालते. लोकांना सांगते, मालकांना खीर आवडायची म्हणून चतुर्दशीलाही घालते.”

कावळा उतरला. त्याने वड्याला चोच लावली. बाईंनी पदर तोंडाशी नेला आणि तो खाऊन उडेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. महिला शिपाई माझ्यामागे रडत होती. मी तिला वर जाऊन बसायला सांगितले.

आम्ही टाकीच्या पायरीवर बसलो. मी विचारले, “चाळीतल्या लोकांना कळू का दिलं नाहीत?”

“त्यांना काय सांगू? पाट धरलेले चौघे होते. त्यातले तिघे परत आले. त्या दिवशी त्यांची तोंडं बघितली मी. सेकंड शिफ्ट म्हणाला तेव्हा हा रिक्षावाला थरथरत होता. सुट्टीच्या दिवशी कसली शिफ्ट? पण म्हटलं, हो बाबा, शिफ्टला गेला. नाहीतर त्या पोरांनी काय केलं असतं, सांगा? मग रोज विचारत राहिले. ते रोज सांगत राहिले. त्यांना बरं वाटतं सांगून.”

ती चाळ बाईंना सांभाळत होती आणि बाई चाळीला सांभाळत होत्या. दुसरा आपल्याला सांभाळतो आहे, याचा दोघांनाही पत्ता नव्हता. 

“आणि हा दुसरा? हा तुमचा नाही हे ठाऊक होतं?”

“मला डोळे आहेत.” त्या जरा रागाने म्हणाल्या. मग आवाज खाली आला. “एक दिवस दारात येऊन उभा राहिला. काही बोलला नाही. मला वाटलं, आता हा कुणाचा पत्ता विचारेल आणि जाईल. म्हणून मीच म्हटलं, आलास? पाय धुऊन घे. तो पाय धुऊन आला. बसला. जेवला. नाव विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं. मग मी काय म्हणायचं होतं?”

“पडताळणीला माणूस आला होता.”

“ते जनगणनेचे वाटले. घरात किती माणसं, विचारतात ना. म्हटलं, मी आणि मुलगा.”

“मावशी, तो पासपोर्ट तुमच्या मुलाच्या नावाचा आहे. तो चालू राहिला तर तुमचा मुलगा कागदावर जिवंत राहील. विमानानं येईल, जाईल. आणि जो नदीत गेला तो कुठेच गेलेला नसेल. तुम्ही आज जे सांगाल त्यावर हे ठरणार. तुमच्यावर गुन्हा दाखल करायचा की नाही, तेही.”

गुन्ह्याचे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काहीच आले नाही. आधीचे वाक्य मात्र त्यांनी ऐकले होते. त्या नदीकडे पाहत म्हणाल्या, “याची शिक्षा वाढेल का, मी सांगितलं तर?”

“त्याची ठरलेली आहे. तुमच्यामुळे वाढणार नाही.”

“लिहा मग. तो माझा नाही. माझा इथं गेला.”

जबाब वरच्या खोलीत घेतला. वाचून दाखवला. सही करताना त्यांनी विचारले, “पाटल्या आणल्या होत्या म्हणे. कशा होत्या?”

मी पंचनाम्यातला फोटो पाहिला होता. “साध्याच. नक्षी नव्हती.”

“मी त्याला एकदा म्हटलं होतं, नक्षीत मळ बसतो,” त्या म्हणाल्या, आणि सही केली.

ठाण्यात परत येऊन मी त्या माणसाला सांगितले, बाई ‘नाही’ म्हणाल्या. त्याने हनुवटी खाली घेतली. मग त्याने प्रथमच स्वतःचे नाव सांगितले, मराठवाड्यातले आपले गाव सांगितले आणि आईचे नाव सांगितले. विमानतळावर तोंडातून निघाले तेच. आखातात मालकाने त्याचा पासपोर्ट कुलपात ठेवला होता. आई गेल्याचे फोनवर कळले तेव्हा हातात कागद नव्हता म्हणून त्याला येता आले नाही. मालकाला सोडून पळाला, पकडला गेला, वकिलातीने दिलेल्या परतीपुरत्या कागदावर मायदेशी आला. पुन्हा त्या देशात प्रवेशाला बंदी. गावात कोणी उरले नव्हते. एजंटने नवे नाव दिले. पडताळणीच्या दिवसापुरते त्या खोलीत बसायचे, एवढेच ठरले होते.

“मग पुढेही का जात राहिलास?” मी विचारले.

“त्यांनी दार उघडलं आणि आलास म्हणाल्या, साहेब. मी काही सांगितलंच नव्हतं.” मग तो मला विचारल्यासारखे म्हणाला, “त्यांनी मला ओळखलं कसं?”

याचे उत्तर माझ्याकडे होते. मी दिले नाही.

खटला चालला. एजंटाला आणि त्याला शिक्षा झाली. पिंजऱ्याजवळ उभे करून बाईंना विचारले, हा आपला मुलगा आहे का? त्या स्पष्ट ‘नाही’ म्हणाल्या आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. पासपोर्ट रद्द झाला. कर, दंड भरायला कोणी आले नाही. पाटल्या सरकारजमा झाल्या. सात वर्षे माणसाचा ठावठिकाणा नसेल तर न्यायालय त्याला मृत मानू शकते. बाईंनी तसा अर्ज केला, चाळीतल्या तिघांनी साक्षी दिल्या, आणि मुलाच्या मृत्यूचा दाखला निघाला. त्या दिवसानंतर चाळीत कोणी सेकंड शिफ्टचे नाव काढले नाही. पुढे एकदा मी त्या बाजूला गेलो होतो. गॅलरीत माणसे होती, पण एकमेकांशी काय बोलावे ते त्यांना सुचत नसल्यासारखे वाटले. रिक्षावाला मला ओळख न देता आत निघून गेला.

तपासात आपण धरून चालतो की खोट्याच्या मागे कोणाचा तरी फायदा असतो. तो शोधला की माणूस सापडतो. एजंट तसाच सापडला. पण त्या खोट्याखाली दुसरे एक खोटे होते आणि त्याला फायदाच नव्हता. ते मला तपासाच्या कोणत्याही पद्धतीने सापडले नसते. त्या दिवशी आमच्या घरी पान नसते तर मी बाईंवर गुन्हा दाखल केला असता, आणि कायद्याने ते बरोबर ठरले असते.

पत्नी जाऊन आता वर्ष होत आले. गेल्या महिन्यात खोपटच्या डेपोजवळ भाजी घेत होतो. जुनी भाजीवाली बऱ्याच दिवसांनी बसली होती. तिने विचारले, “वहिनी नाही आल्या?” मी म्हणालो, “गावाला गेल्यात.” तिने वहिनींसाठी म्हणून कोथिंबिरीची जुडी वर टाकली. मी ती घेतली.

ती चाळ पाडून तिथे इमारत झाली आहे. रिक्षावाला बदलापूरकडे राहायला गेला, असे कळले. बाई चार वर्षांपूर्वी गेल्या. नदीपलीकडच्या ठाण्यात मी अधूनमधून चौकशी करतो. त्यांच्या मुलाचा देह अजून मिळालेला नाही.